घराची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या डोणगावच्या बाजारपेठेतून एक फेरी मारली, की दुकानादुकानांतून एकच देखावा दिसतो. गादीवर धुतलेली चादर, पाटावर लक्ष्मीची तसबीर, लाह्या-बत्तासे, झेंडूच्या माळा, आणि या सगळ्यांच्या मधोमध लाल बांधणीची एक कोरी वही. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढलेले असते, वर ‘श्री’ आणि दोन बाजूंना ‘शुभ’ आणि ‘लाभ’. खरा हिशेब आता पुष्कळांचा यंत्रात राहतो. तरी वहीची पूजा कोणी सोडलेली नाही.

आमचे दुकान नाही. यजमान शेती करतात आणि मी गावातल्या शाळेत लहान मुलांना शिकवते. तरीही गेली चार वर्षे आमच्या देवापुढे लक्ष्मीपूजनाला एक वही असते. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी ती पाहिली आणि हसत विचारले, “बाई, दुकान कधी काढलं?” मी म्हटले, “दुकान नाही हो, ही घराची वही.” त्यांना ते पटलेले दिसले नाही. घराची कशाची आली आहे वही? घर डोक्यात असते, नाहीतर हातात असते.

हे म्हणणे अगदीच खोटे नाही. माझी आई शाळेचे तोंड न पाहिलेली. पण सहा माणसांचे घर, दोन गाई, सणवार, लेकीसुनांची बाळंतपणे असे सगळे तिने अचूक सांभाळले. तिची वही म्हणजे तिचा पदर. काही लक्षात ठेवायचे असले, की ती पदराच्या टोकाला गाठ मारी. काम झाले, की गाठ सोडी. दुधाचा हिशेब चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी होई. तिथीसाठी गावातले गुरुजी होते आणि गुरुजींपाशी पंचांग होते.

छापील मराठी पंचांगाची कथा मोठी गमतीची आहे. मुंबईला गणपत कृष्णाजी यांनी आपल्या छापखान्यातून पंचांग काढले, तेव्हा गुरुजींच्या तोंडची तिथी प्रथमच कोणालाही वाचता येण्याजोगी झाली. पुढे १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि पंचांग खिळ्याला टांगले गेले. त्यातल्या चौकोनांत बायकांनी दुधाचे लिटर, गॅसची टाकी लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे लिहायला सुरुवात केली. कोळशाच्या रेघा भिंतीवरून कागदावर आल्या. तिकडे विलायतेत जॉन लेट्स नावाच्या लंडनच्या कागदविक्याने १८१२ साली येणाऱ्या दिवसांच्या कोऱ्या पानांची डायरी विकायला काढली होती. तोवर डायरी म्हणजे घडून गेलेल्याची नोंद. त्याने न घडलेल्या दिवसांना पाने दिली.

मला या दोहोंत एक मोठा फरक वाटतो. पंचांग सांगते, की उद्याचा दिवस कसा आहे. कोरे पान विचारते, की उद्याच्या दिवसाचे तू काय करणार आहेस. पहिल्याला वाचणारा लागतो, दुसऱ्याला उत्तर देणारा लागतो. आणि उत्तर द्यायचे म्हटले, की प्रश्न नीतीचा होतो. मला त्याच प्रश्नाबद्दल थोडे लिहावयाचे आहे.

वही आमच्या घरी आली ती काही शहाणपणाने आली नाही, चुकीतून आली. २०२१ सालच्या पावसाळ्यात आमच्या सोयाबीनचा पीकविमा भरायचा राहून गेला. मला वाटले, यजमानांनी भरला. त्यांना वाटले, कागद माझ्यापाशी आहेत म्हणजे मीच भरला. शेवटची तारीख निघून गेली आणि आम्हा दोघांनाही पत्ता नाही. त्या वर्षी नेमका काढणीच्या तोंडावर पाऊस आला. शेंगा झाडावरच फुगल्या, दाण्यांना कोंब फुटले. रात्री आम्ही दोघे ओसरीत बसलो होतो. भांडण झाले नाही. भांडायला कोणाची तरी चूक असावी लागते; येथे चूक होती आणि ती कोणाचीच नव्हती. ‘मला वाटले’ हा शब्द केवढा महागाचा असतो, हे मला त्या रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर आठवड्याचे वार आखले, उजव्या पानावर कामे आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलाची फी, बियाण्याची उगवण पाहणे, नळाला पाणी येण्याचे दिवस, विजेचे बिल, कुळधर्म, बाजार. लिहिता लिहिता एक विचित्र गोष्ट दिसली. पानाच्या शेवटी माझे नाव सव्वीस वेळा आले होते, यजमानांचे नऊ वेळा आणि चौदा वर्षांच्या मुलाचे एकदा. तेही त्याच्या स्वतःच्या दप्तरापुढे. मी काही बोलले नाही. वही उघडी ठेवून स्वयंपाकाला गेले. परत आले तेव्हा यजमानांनी पाणी भरण्यापुढचे माझे नाव खोडून आपले लिहिले होते आणि मुलाने आजीच्या गोळ्यांपुढे स्वतःचे.

वीस वर्षे मी जे बोलून समजावू शकले नव्हते, ते एका पानाने केले. बोलणे कटकट होते. लिहिलेले नुसते दिसते. घरातले बरेचसे अन्याय दुष्टाव्याने होत नसतात, न दिसण्याने होत असतात. जे काम कोठेच लिहिलेले नाही, ते कोणीतरी करतच असते. आणि जे करते, तिलाही ते काम वाटेनासे होते. वही मला एवढ्याचसाठी नैतिक वस्तू वाटू लागली. तिने आमचा वेळ वाचवला की नाही देव जाणे, पण भार कोणाच्या डोक्यावर आहे हे तिने दाखवले.

आणि तिने मला आणखी एक गोष्ट दिली. माझे शिक्षण मॅट्रिकचे. निकाल लागला त्याच वर्षी लग्न झाले. तरी लिहिण्याचा नाद सुटला नाही. सगळे निजल्यावर, डोळे चुरचुरत असताना लिहिलेल्या माझ्या दोन कादंबऱ्या छापून निघाल्या. वहीच्या दुसऱ्या महिन्यात मी धीर करून रविवारच्या दुपारी दोन ते चार या वेळेपुढे लिहिले: ‘लेखन’. पुढे माझे नाव. घरात कोणी हरकत घेतली नाही. वहीत लिहिले होते ना! चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच दोन तास माझ्या नावावर झाले, सातबारावर नाव चढावे तसे.

मग मला वहीचा अभिमान चढू लागला. अभिमान चढला, की माणूस आधार शोधतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात सकाळी उठल्यापासूनची शिस्त घालून दिली आहे. कोणताही क्षण वाया जाऊ नये, हा त्यांचा आग्रह. मला तो फार आवडला. समर्थ लग्नाच्या मंडपातूनच निघून गेले अशी कथा आहे, तेव्हा पाहुणे, बाळंतपणे आणि पापड यांच्याशी त्यांची गाठ पडली नसावी, हा विचार मी मनातच ठेवला. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रात दिवसाच्या चोवीस तासांचा तक्ता आहे. पहाटे पाचला उठावे आणि आज कोणते चांगले काम करायचे हे स्वतःला विचारावे. रात्री कोणते केले, ते विचारावे. तेरा गुणांची त्याने एक वहीच केली होती आणि चुकले, की तो त्या गुणापुढे काळा ठिपका देई. मोठा प्रामाणिक माणूस. व्यवस्थितपणा या एका गुणाने आपल्याला सर्वांत जास्त छळले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आणखी एक गोष्ट मला पुढे दिसली. त्या चोवीस तासांच्या तक्त्यात काम आहे, वाचन आहे, हिशेब पाहणे आहे, वस्तू जागच्या जागी ठेवणे आहे, गाणे-गप्पा आहेत. पण बायको-मुलांसाठी वेगळा रकाना नाही. तेव्हा ते मला दिसले नव्हते. माझ्याही वहीत काय नाही, हे मला दिसले नव्हते.

२०२४ च्या फेब्रुवारीतला एक रविवार. अडीच वाजले होते. कादंबरीचे एक अवघड प्रकरण चालले होते. दाराशी चपलांचा आवाज झाला आणि पाहते तो आई. माझे माहेर लोणारच्या बाजूचे, दोन एस.टी. बदलून, उन्हाची, एकटी आली होती. हातात पिशवी, पिशवीत बोरे.

“सहजच आली वं,” ती म्हणाली.

मी उठले, पाणी दिले, तिच्या पाया पडले. हे सगळे केले. आणि मग म्हटले, “आई, तू बस थोडी. एवढं होऊ दे माझं. चारला उठतेच मी.” म्हणताना माझी नजर भिंतीकडच्या वहीवर गेली. ते तिने पाहिले.

ती बसली. सासूबाई निजल्या होत्या, यजमान शेतात, मुलगा क्रिकेटला. मी लिहीत होते आणि आई भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होती. मधे एकदा मान वर केली तेव्हा तिच्या पदराच्या टोकाला गाठ दिसली. अर्ध्या तिकिटाचे पैसे बांधले असतील, असे मी धरून चालले आणि पुन्हा खाली पाहिले. साडेतीनला ती उठली.

“लिही माय तू. मले गाडी हाय.”

“अगं, चारला चहा करते ना!”

“अंधार पडते मंग.”

मी तिला फाट्यापर्यंत पोहोचवले. बोरे घरीच राहिली. गाडी आली, ती चढली. गाठ तशीच होती.

पंधरा दिवसांनी माहेरच्या शेजारणीचा फोन आला. आईच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन चांगले झाले, शेजारीण तिच्याबरोबर गेली होती, दोन रात्री दवाखान्यात राहिली, काळजी करू नये. मी तशीच निघाले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आई खाटेवर बसली होती. मी विचारले, “त्या दिवशी हेच सांगायला आली होतीस?” ती म्हणाली, “तारीख सांगणार व्हती. तू येशील का म्हणून.” मग थोडे थांबून, जराही राग नसलेल्या आवाजात म्हणाली, “पण तुह्या वहीत मले कुठं जागा व्हती?”

वाचकहो, या वाक्याला मी अजून उत्तर शोधते आहे.

घरी आल्यावर पहिला विचार आला तो वही चुलीत घालण्याचा. पण हे उत्तर सोपे होते, म्हणूनच संशयाचे. वही नव्हती तेव्हा मी काय सगळ्यांना जागा देत होते? तेव्हा कोणीही यावे आणि माझा वेळ घेऊन जावे, असे होते. आल्यागेल्याचा चहा मी प्रेमाने करीत होते की सवयीने, हे मलाच सांगता आले नसते. बाईचा वेळ हा घरात रस्त्यावरच्या बाभळीसारखा असतो. ज्याला लागेल त्याने फांदी तोडावी. तो दोन तासांचा तुकडा मी पहिल्यांदा कुंपण घालून राखला होता. कुंपण घालणे हे पाप नव्हते. आणि वही जाळली असती तर आईचा डोळा काही परत माझ्या हाती आला नसता. पीकविमा मात्र पुन्हा राहिला असता.

दुसरे उत्तरही सोपेच होते: आईने फोन करून यावे. पण लेकीकडे येताना जिला वेळ मागून घ्यावी लागते, ती आई पाहुणीच झाली. शिवाय अतिथी या शब्दाचा आपल्याकडे सांगितला जाणारा अर्थच असा, की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. वही सगळी तिथींची बनलेली. म्हणजे वहीत जो कधीच मावणार नाही, त्यालाच आपल्या पूर्वजांनी देव म्हटले.

मग मी संकल्पाचा विचार करू लागले. घरी सत्यनारायण असला, की गुरुजी आपल्या हातात पाणी देतात आणि संकल्प म्हणवून घेतात. लहानपणापासून ऐकते आहे, पण नीट लक्ष कधी दिले नव्हते. त्यात काळ येतो: संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. स्थळ येते: कोणता देश, गोदावरीचे कोणते तीर. मग गोत्र आणि नाव. त्यानंतर कोणासाठी, ते येते: सगळ्या कुटुंबाच्या क्षेमासाठी. आणि मग कोठे काम येते: अमुक पूजा मी करीन. आणि शेवटी हातातले पाणी सोडायचे असते.

माझ्या वहीत काळ होता, काम होते, नाव होते. कोणासाठी, हा रकाना नव्हता. आणि पाणी सोडणे तर नव्हतेच. मराठीत ‘पाणी सोडणे’ याचा अर्थ हक्क सोडून देणे असाही होतो. तो अर्थ त्या विधीतून आला, की दानाच्या विधीतून, हे शास्त्री सांगतील. मला त्यातून एवढे उमगले, की ठरवणे आणि ठरवलेले मुठीत न आवळणे, ही एकाच कामाची दोन टोके आहेत. मी मूठ मिटून बसले होते.

पण हात उघडा ठेवायचा म्हणजे शिस्त सोडायची का? येथे मला आमच्याच विदर्भातली एक गोष्ट आधाराला सापडली. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात गांधीजी १९३६ पासून राहत होते. त्यांचा दिवस घड्याळाला किती बांधलेला असे, हे सर्वांना ठाऊक आहे. कमरेचे घड्याळ तर त्यांच्या चित्रांतही दिसते. अशा आश्रमात १९३९ च्या सुमारास परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले सोबती. कुष्ठरोगाने अंग झडत चाललेले. कोणी बोलावले नव्हते. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले. आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी कुटी बांधली गेली आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करू लागले. देश पेटलेला, रोजची पत्रे ढिगाने, भेटीला मोठमोठी माणसे. आणि त्या दिवसात मालिशीची वेळ. ती कुटी आजही सेवाग्रामात पाहायला मिळते.

मला या गोष्टीतले मर्म असे वाटते. ज्याचा दिवस विस्कटलेला असतो, तोही पाहुण्याला वेळ देतो. पण तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा देतो, बहुधा घरातल्या बाईच्या. ज्याचा दिवस आखलेला असतो, त्याला आपण काय देतो आहोत हे माहीत असते, म्हणून त्याचे देणे त्याचे स्वतःचे असते. त्या रविवारी मी लेखणी ठेवली असती, तर आईला माझे खरोखरीचे दोन तास मिळाले असते. वही नसती तर तिला नुसता चहा मिळाला असता. वहीने मला देण्याजोगे काहीतरी दिले होते; मी ते दिले नाही, हा दोष वहीचा नाही.

अर्थात लिहिणे इतके सोपे, पाळणे अवघड. प्रत्येक दाराशी आलेल्यासाठी लेखणी ठेवायची म्हटले तर कादंबरी व्हायची नाही. आणि ती व्हावी, ही इच्छाही मला खोटी वाटत नाही. वर्गणीचे पुस्तक घेऊन आलेल्या माणसाला मी आजही चारनंतर यायला सांगते. तेव्हा शेवटी पाहावे लागते ते आलेल्याच्या तोंडाकडे. कोण सहज आले आहे आणि कोण ‘सहज आले’ असे म्हणते आहे, हे कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते. त्यासाठी मान वर करावी लागते आणि पदराची गाठ दिसली, तर विचारावे लागते.

आता आम्ही वहीत दोन बदल केले आहेत. एक म्हणजे मी एकटी ती लिहीत नाही. ज्याचे काम त्याने आपल्या हाताने लिहायचे. दुसऱ्याच्या नावापुढे काम लिहिण्यात थोडा हुकूम असतोच, आणि हुकूम केलेले घर शाळेसारखे होते. शाळा मला दिवसभर पुरते. दुसरा बदल म्हणजे प्रत्येक दिवसाखाली एक ओळ कोरी सोडायची. ती भरायची नाही. रात्री त्या ओळीत लिहायचे, की आज न ठरवता काय आले आणि आपण त्याचे काय केले. कित्येक रात्री ती ओळ वाचून मला लाज वाटते, कधी बरेही वाटते.

त्याच वर्षी ऑगस्टात आईच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. ती तारीख तिने फोनवरून मला वहीत लिहायला लावली आणि लिहिली का म्हणून तीनदा विचारले. मी शाळेतून रजा घेतली आणि दोन्ही रात्री तिच्याजवळ राहिले. सकाळी तिचा पदर सारखा करताना पाहिले, तर टोकाला गाठ होतीच. म्हटले, “आता कशाला? मी लिहिलं होतं ना!” ती म्हणाली, “तू लिवलं. पण म्या बी ध्यानात ठिवाव ना!”

गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे होती. लक्ष्मीपूजनाला नवी वही पाटावर ठेवली. यजमानांनी स्वस्तिक काढले, मुलाने ‘श्री’ लिहिले. पट्टी निघालेल्या डोळ्यांनी आई पान जवळ घेऊन पाहत होती. तळाच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारले, “ही कोनाची?”

“ज्याची तारीख ठरलेली नाही त्याची.”

“मंग मले लिवता येत नाही, तरी चालते,” ती म्हणाली, आणि कुंकवाचे बोट त्या ओळीवर टेकवून तिने हात पदराला पुसला.